पडद्यावरचे रण आणि रणातले सत्य

सीमा सुरक्षा दलाचे भैरोसिंह राठोड १९ डिसेंबर २०२२ रोजी जोधपूरच्या रुग्णालयात निवर्तले. त्यांचे वय ८१ वर्षांचे होते. १९७१ च्या डिसेंबरात राजस्थानच्या सरहद्दीवरील लोंगेवाला ठाण्यावर त्यांनी गाजविलेल्या कामगिरीबद्दल त्यांना सेना पदक मिळाले होते. तथापि देशातील कोट्यवधी प्रेक्षकांच्या लेखी हे गृहस्थ पंचवीस वर्षांपूर्वीच मरण पावले होते. १९९७ साली आलेल्या 'बॉर्डर' या चित्रपटात त्यांचे नाव धारण करणारे पात्र रणांगणावर धारातीर्थी पडते. चित्रपट गाजला, त्यातील गाणी घरोघरी पोचली आणि एका हयात सैनिकाला आपल्या मरणाची कीर्ती ऐकत उरलेले आयुष्य काढावे लागले.

यात निर्मात्याने भैरोसिंहांचा अपमान केला असे कोणी म्हणणार नाही. किंबहुना त्यांना वीरमरण देऊन आपण त्यांचा गौरवच केला, अशी त्याची प्रामाणिक समजूत असेल. परंतु ही समजूतच मुळात तपासून पाहण्यासारखी आहे. शूराने मेलेच पाहिजे, लढून जिवंत परत येणाऱ्याचे शौर्य काहीसे अपुरे, असा एक सिद्धान्त आपल्या युद्धपटांनी नकळत रूढ केला आहे. लष्करी दृष्टीने तो साफ चुकीचा आहे. आपली माणसे राखून शत्रूला थोपविणे हीच सेनापतीची खरी विद्या होय. लोंगेवाल्याला नेमके तेच घडले आणि पडद्यावर नेमके तेच हरवले.

लोंगेवाल्याची खरी रात्र

४ डिसेंबर १९७१ च्या रात्री त्या ठाण्यावर २३ पंजाब पलटणीची एक कंपनी, म्हणजे सुमारे १२० जवान होते. त्यांचे नेतृत्व मेजर कुलदीपसिंह चांदपुरी यांच्याकडे होते. समोरून दोन हजारांवर सैनिक आणि चाळीसच्या आसपास रणगाडे चालून आले. मदत पोचण्यास वेळ लागणार होता. ठाणे सोडावे की राखावे हे चांदपुरींनी ठरवावयाचे होते आणि त्यांनी ते राखण्याचे ठरविले. 'हंटर' विमानांना रात्री लढण्याची सोय नसल्यामुळे जैसलमेरच्या तळावरून मदत यावयाची ती उजाडल्यावरच येणार होती. म्हणजे प्रश्न होता तो रात्र काढण्याचा.

ती रात्र निघाली ती कशी? ठाणे उंचवट्यावर होते आणि भोवतीच्या वाळूत रणगाडे रुतत होते. ठाण्याभोवती टाकलेली काटेरी तार पाहून पुढे सुरुंग पेरलेले असावेत असा शत्रूला संशय आला व तो थबकला. जवानांनी रणगाडे जवळ येईपर्यंत आपला मारा राखून ठेवला. शत्रूपाशी विमानांचे छत्र नव्हते. सूर्य उगवला, 'हंटर' आले आणि उघड्या वाळवंटात अडकलेले रणगाडे एकामागून एक टिपले गेले. या सबंध लढाईत ठाण्यावरचे दोघे जवान कामी आले. चांदपुरींना महावीर चक्र मिळाले. २०१८ साली ते निवर्तले.

धीर, भूगोल, शत्रूची चूक आणि पायदळ व वायुदळ यांचा मेळ अशा चार गोष्टींनी ही लढाई जिंकली. चित्रपटात त्यांची जागा प्रामुख्याने वैयक्तिक पराक्रमाने घेतली आणि नायकांपैकी बरेच जण मारले गेले. प्रेक्षक चित्रपटगृहाबाहेर पडताना डोळे पुसत होता, हे खरे. परंतु लढाई का जिंकली, असे त्याला विचारले असते तर 'आपली माणसे जिवावर उदार होऊन लढली म्हणून' याखेरीज दुसरे उत्तर तो देऊ शकला नसता. हे उत्तर खोटे नाही, पण ते फार अपुरे आहे. शिवाय प्रत्येक लढाईला तेच लागू पडत असल्यामुळे ते कोणत्याच लढाईविषयी काही सांगत नाही.

गुंड्या आणि पूल

अशी टीका केली की एक ठरलेले उत्तर मिळते. चित्रपट ही कला आहे, तो बखरीचा कागद नव्हे. दोन दिवसांची लढाई दोन तासांत बसवायची तर काही गाळावे लागते, काही जोडावे लागते. मेलेल्या माणसांचे संवाद कोणी लिहून ठेवलेले नसतात, ते रचावेच लागतात. हे सर्व मान्य केले पाहिजे. कालिदासापासून शेक्सपिअरपर्यंत कोणीही इतिहासाची अक्षरशः नक्कल केलेली नाही. युद्धपटात गणवेशाच्या गुंड्या कोणत्या साली बदलल्या आणि रणगाड्याच्या पत्र्यावरचा आकडा बरोबर आहे काय, एवढ्यावरच अडून बसणारा टीकाकार शेवटी कंटाळवाणा होतो, आणि तो कंटाळा रास्तच आहे.

मग चूक कोठे क्षम्य आणि कोठे अक्षम्य? यासाठी एक साधी कसोटी सुचवावीशी वाटते. लढाई का जिंकली अथवा का हरली, या प्रश्नाचे उत्तर चित्रपटाने बदलले आहे काय? बदलले नसेल तर बाकीची सूट कलावंताला खुशाल द्यावी. बदलले असेल तर बाकीचे सर्व तपशील तंतोतंत असले तरी ते दृश्य खोटे होय.

या कसोटीचे सर्वांत बोलके उदाहरण स्कॉटलंडचे आहे. ११ सप्टेंबर १२९७ रोजी स्टर्लिंगच्या पुलावर विल्यम वॉलेस आणि अँड्र्यू मरे यांनी बलाढ्य इंग्रज फौजेचा पराभव केला. फोर्थ नदीवरचा तो लाकडी पूल इतका अरुंद होता की त्यावरून दोन घोडेस्वार जेमतेम जोडीने जाऊ शकत. वॉलेस आणि मरे यांनी घाई केली नाही. इंग्रजांचे जेवढे सैन्य आपण निस्तरू शकू तेवढे त्यांनी अलीकडे येऊ दिले, मग पुलाचे तोंड अडवून त्याची कत्तल केली. पलीकडच्या तीरावरची उरलेली फौज ते असहायपणे पाहत राहिली. पूल नसता तर हा विजयही नसता.

१९९५ साली मेल गिब्सन यांनी 'ब्रेव्हहार्ट' हा चित्रपट काढला. उत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर पारितोषिक त्याला मिळाले. त्यात स्टर्लिंगची लढाई आहे, पण पूल नाही! सपाट मैदानावर दोन फौजा समोरासमोर उभ्या राहतात, नायक त्वेषपूर्ण भाषण करतो, लांब भाले उभारून घोडदळ अडविले जाते आणि विजय मिळतो. अँड्र्यू मरे यांचाही त्यात पत्ता नाही. या चित्रपटातील स्कॉटिश योद्धे जे चौकटीचे वस्त्र नेसतात ते सोळाव्या शतकातले आहे, अशी एक हरकत पंडितांनी घेतली होती. आपल्या कसोटीप्रमाणे ती हरकत किरकोळ आहे. वस्त्र बदलल्याने लढाईचा निकाल बदलत नाही; पूल काढल्याने मात्र निकालाचे कारणच नाहीसे होते. अल्पबळाने महाबळावर मात करण्याची जी युक्ती, ती जाते आणि तिच्या जागी आवेश येतो.

खर्च केल्याने सत्य येते काय?

मोठा खर्च केला म्हणजे सत्य आपोआप हाती लागते असा एक भाबडा विश्वास असतो. १९७० सालचा 'वॉटर्लू' हा चित्रपट या बाबतीत मुद्दाम आठवावा. सोव्हिएत दिग्दर्शक सर्गेई बोंदारचुक यांनी युक्रेनमधील उझगोरोडजवळच्या शेतजमिनीवर १८१५ सालचे रणांगण नव्याने घडविले. टेकड्या सपाट केल्या, रस्ते आखले, हजारो झाडे लावली, आणि लढाईच्या आदल्या रात्रीच्या पावसाने झालेला चिखल साधावा म्हणून जमिनीखालून पाण्याचे नळ नेले. सोव्हिएत लष्कराचे सुमारे पंधरा हजार पायदळ आणि दोन हजार घोडेस्वार चित्रणासाठी राबले. संगणकाने माणसे निर्माण करण्याची कला तेव्हा नव्हती. पडद्यावर दिसतो तो प्रत्येक शिपाई हाडामांसाचा आहे.

या खर्चाचे चीज झाले असे एक दृश्य त्यात आहे. मार्शल ने याचे घोडदळ इंग्रजांच्या पायदळावर पुनःपुन्हा तुटून पडते आणि पायदळ संगिनी रोखून चौकोन करून उभे राहते. हे चौकोन आकाशातून दाखविले आहेत. समुद्राच्या लाटा खडकांभोवती फुटाव्यात तसे घोडे त्या चौकोनांभोवती फिरतात, आत शिरू शकत नाहीत. पायदळ न फुटता उभे राहिले तर घोडदळाचे काही चालत नाही हे तत्त्व युद्धशास्त्राच्या ग्रंथांत अनेक पाने वाचून जेवढे कळणार नाही तेवढे त्या दोन मिनिटांत कळते. चित्रपटाचे सामर्थ्य ते हे.

आणि तरीही याच चित्रपटात सत्याचा एक मोठा भाग निसटला आहे. वेलिंग्टनच्या सुमारे ६८ हजारांच्या सैन्यात निम्म्याहून अधिक माणसे इंग्रज नव्हती. ती निरनिराळ्या जर्मन संस्थानांची आणि नेदरलँड्सची होती. त्यांची दखल नाममात्र आहे. प्रशियाची फौज पडद्यावर येते ती अखेरच्या घटकेस, निकाल लागता लागता. वस्तुतः दुपारी साडेचारच्या सुमारासच प्रशियन तुकड्या लढाईत उतरल्या होत्या. प्लान्सनोआ या गावासाठी त्यांनी घनघोर झुंज दिली आणि नेपोलियनला आपली राखीव फौज तिकडे वळवावी लागली. समोरचा इंग्रज कमकुवत होत असतानाही शेवटचा घाव पूर्ण ताकदीने घालता आला नाही, त्याचे एक कारण हे आहे. पण दोन महापुरुषांच्या द्वंद्वाची चौकट एकदा स्वीकारली की तिसऱ्याला शेवटच्या अंकापर्यंत पडद्यामागे थांबावे लागते. येथे चूक पैशाची नाही, चौकटीची आहे.

याच १९७० साली आलेला 'तोरा! तोरा! तोरा!' हा चित्रपट दुसऱ्या टोकाचा आहे. पर्ल हार्बरवरील ७ डिसेंबर १९४१ च्या हल्ल्याची ही कथा. अमेरिकेची बाजू अमेरिकन दिग्दर्शकाने आणि जपानची बाजू जपानी दिग्दर्शकांनी चित्रित केली. यात कोणी एक नायक नाही. हल्ला यशस्वी का झाला याचे जे उत्तर हा चित्रपट देतो ते कोणाही कचेरीत काम करणाऱ्या माणसाला अंगावर काटा आणील असे आहे. रडारवर विमाने दिसली, पण ती आपलीच असतील असे समजून वरिष्ठाने विषय सोडून दिला. वॉशिंग्टनहून धोक्याची सूचना निघाली, परंतु ती लष्करी मार्गाने न जाता साध्या व्यापारी तारेने गेली आणि बाँब पडून गेल्यावर पोचली. साम्राज्यांचे भवितव्य असे टेबलावरच्या दिरंगाईत ठरते. हे दाखविण्यास धैर्य लागते, कारण त्यात टाळ्यांची वाक्ये नसतात. अमेरिकेत हा चित्रपट अपेक्षेइतका चालला नाही, हेही नमूद केले पाहिजे.

आणि गंमत अशी की इतक्या प्रामाणिक चित्रपटालाही अखेरीस एका टाळीच्या वाक्याचा मोह आवरला नाही. निद्रिस्त राक्षसाला आपण जागे केले, अशा अर्थाचे उद्गार त्यात ॲडमिरल यामामोटो यांच्या तोंडी घातले आहेत. यामामोटो असे बोलले वा त्यांनी असे लिहिले याला कोणताही कागदोपत्री आधार मिळालेला नाही. पण आज ते वाक्य भाषणांत आणि लेखांत यामामोटो यांचे म्हणून बेधडक उद्धृत होते. चित्रपटातले असत्य चित्रपटगृहात राहत नाही, ते बाहेर येऊन इतिहास म्हणून मिरवू लागते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

आपल्या घरची उदाहरणे

परक्यांचे दोष दाखविणे सोपे असते. आता थोडे घरात पाहू. तानाजी मालुसरे यांनी ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंढाणा घेतला. २०२० सालच्या 'तान्हाजी' या चित्रपटात उदयभान एक अजस्र तोफ गडावर नेतो आणि तिचे तोंड राजगडाकडे वळते. ही तोफ कोणत्याही साधनात नाही. त्यावर कोणी म्हणेल, घोरपडीची कथा तरी कोठे समकालीन कागदात आहे? खरे आहे. ती पोवाड्याने दिली. कोंढाण्याचे सिंहगड हे नावही त्या लढाईपूर्वीच्या पत्रांत आढळते, हे संशोधकांनी केव्हाच दाखवून दिले आहे. तरीही 'गड आला पण सिंह गेला' या हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीच्या नावावर आपण पिढ्यान् पिढ्या वाढलो. पण पोवाडा आणि कादंबरी आपला धर्म लपवीत नाहीत. डफ वाजला की श्रोत्याला कळते की आता शाहीर गाणार आहे. चित्रपट मात्र डोळ्यांना साक्षीदार करतो. कान जेवढा संशय घेतो तेवढा डोळा घेत नाही.

शिवाय तोफेचा दोष घोरपडीहून मोठा आहे. घोरपडीने कडा कसा चढला एवढेच बदलते. तोफेने गड का घेतला हेच बदलते. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना जे २३ किल्ले द्यावे लागले त्यांत कोंढाणा होता. १६७० साली महाराजांनी ते परत घेण्याचा सपाटा लावला. पुण्याच्या मुलुखावर नजर ठेवणारा एवढा बळकट गड मोगलांच्या हाती राहणे हेच स्वराज्याला पुरेसे संकट होते. एवढे राजकारण समजावून सांगण्याऐवजी एक तोफ उभी केली की काम भागते. परंतु मग शिवाजी महाराजांचे दुर्गकारण गेले आणि उरले ते एका संकटाचे निवारण.

पानिपतची गोष्ट अधिक गंभीर आहे. १४ जानेवारी १७६१ ची लढाई त्या सकाळी सुरू झाली असे आपण म्हणतो. खरे पाहता ती नोव्हेंबरपासूनच सुरू झाली होती आणि तिचे शस्त्र उपासमार हे होते. दोन्ही छावण्या अडीच महिने समोरासमोर होत्या. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदेची उरलीसुरली आशा संपली. माणसे आणि जनावरे उपाशी, बरोबर यात्रेकरू आणि बायकामुले यांचा प्रचंड लवाजमा. अशा स्थितीत सदाशिवरावभाऊंनी गोल बांधून, तोफखान्याच्या आसऱ्याने वाट काढीत निघण्याचा बेत केला. इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पलटणी शिस्तीने लढल्या. पण गनिमी काव्यावर वाढलेल्या आपल्या काही सरदारांना एका जागी रांग धरून राहणे मानवले नाही. ते पुढे धावले आणि गोल फुटला. दुपारनंतर अब्दालीने राखून ठेवलेली ताजी फौज आणि उंटांवरच्या जंबुरका पुढे आल्या, विश्वासराव पडले आणि निकाल लागला. त्र्यंबक शंकर शेजवलकरांसारख्या इतिहासकाराने या लढाईचा जन्मभर ध्यास घेतला तो यासाठीच, की ती केवळ शौर्याची वा दुर्दैवाची कथा नसून पुरवठा, शिस्त आणि दोन युद्धपद्धतींचा न जुळलेला सांधा यांची कथा आहे.

आता २०१९ साली 'पानिपत' हा चित्रपट आला तेव्हा काय झाले ते आठवावे. राजस्थानात निदर्शने झाली, ती महाराजा सूरजमल यांच्या चित्रणावरून. काही दृश्ये कापण्यात आली. २०१५ साली 'बाजीराव मस्तानी' आला तेव्हाही असाच गदारोळ उठला, तो एका नृत्यावरून. सूरजमलांच्या वंशजांची वा पेशव्यांच्या अभिमान्यांची भावना खोटी होती असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु पानिपतावर गोल कसा फुटला हे नीट दाखविले काय, असे विचारत कोणी रस्त्यावर आले नाही, रस्त्यावर येण्याचे सोडाच, संपादकांकडे दोन ओळींची पत्रेही फारशी आली नाहीत. आपल्याकडे भावना दुखावतात. इतिहास दुखावत नाही. पूर्वजाची पगडी तिरकी दिसली तर आपण खवळतो, आणि त्याची बुद्धी पडद्यावरून साफ गाळली तरी टाळ्या वाजवितो.

बुद्धी गाळली हा शब्द मी जाणून वापरतो. पहिल्या बाजीरावाची सर्वश्रेष्ठ मोहीम कोणती? १७२८ सालची पालखेडची. निजामाजवळ जड तोफखाना होता. बाजीरावाने त्याच्याशी समोरासमोर लढाई दिलीच नाही. तो जालना, बऱ्हाणपूर, गुजरात असा विजेसारखा फिरला, पुण्यात शिरलेल्या निजामाला आपला मुलुख वाचविण्यासाठी परत फिरण्यास भाग पाडले, आणि वैजापूरजवळ पालखेडला त्याला पाण्यावाचून आणि चाऱ्यावाचून असा कोंडला की मार्चमध्ये मुंगी-शेवगावला निमूटपणे तह करावा लागला. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश सेनानी फील्ड मार्शल माँटगोमेरी यांनी युद्धाच्या इतिहासावरील आपल्या १९६८ सालच्या ग्रंथात या मोहिमेची मुक्तकंठाने वाखाणणी केली. पण हिचे दृश्य करायचे कसे? तिच्यात तलवारीला तलवार भिडत नाही. महाराष्ट्राचा सर्वांत कुशल विजय हा जवळजवळ न झालेल्या लढाईचा विजय आहे आणि मोठ्या पडद्याला न झालेली लढाई परवडत नाही. म्हणून बाजीराव पडद्यावर दिसतो तो बेभान होऊन समशेर चालविणारा. विचार करणारा दिसत नाही.

वगळलेली माणसे

असत्य दोन प्रकारांनी सांगता येते: नसलेले दाखवून आणि असलेले गाळून. दुसरा प्रकार अधिक सभ्य दिसतो म्हणून अधिक धोक्याचा. क्रिस्टोफर नोलन यांचा २०१७ सालचा 'डंकर्क' हा चित्रपट अनेक अंगांनी उत्कृष्ट आहे. वाट पाहणाऱ्या सैनिकाची भीती त्याने जशी पकडली तशी क्वचितच कोणी पकडली असेल. परंतु १९४० साली फ्रान्समध्ये गेलेल्या ब्रिटिश फौजेबरोबर हिंदुस्थानी लष्कराच्या खेचरांच्या कंपन्याही होत्या आणि डंकर्कच्या किनाऱ्यावरून त्यांचे जवानही परतले होते. चित्रपटात ते नाहीत. तसे पाहिले तर ती संख्या लहान होती. पण लहान संख्येतील माणूस प्रत्येक चित्रपटात लहान म्हणून गाळला गेला की शेवटी तो नव्हताच असे ठरते.

इटलीतील लढायांवर पाश्चात्त्यांनी कितीतरी चित्रपट काढले. त्या मोहिमेत मराठा पलटणींनी अपार रक्त सांडले. रायगड जिल्ह्यातील माणगाव येथे ज्यांचे स्मारक आहे ते नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात पडले. नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी असामान्य धाडस केले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. यांची नावे आपल्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहेत? दुसऱ्याने आपल्याला गाळले अशी तक्रार करण्यापूर्वी आपण स्वतः आपल्याला किती वेळा गाळले, हेही मोजले पाहिजे.

काय करता येईल?

यावर उपाय म्हणून बंदी वा कात्री सुचविणारे पुष्कळ निघतील. तो मार्ग सर्वस्वी त्याज्य आहे. सत्य काय हे ठरविण्याचा अधिकार एकदा सरकारी मंडळाकडे अथवा रस्त्यावरच्या जमावाकडे गेला की आज चुकीचा चित्रपट बंद होईल आणि उद्या अचूक. पर्ल हार्बरची कचेरीतील दिरंगाई दाखविणारा चित्रपट आपल्याकडे निघाला तर तो कोणाच्या तरी प्रतिष्ठेला झोंबणारच.

त्याऐवजी तीन साध्या गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. पहिली निर्मात्यांसाठी. 'ही कथा काल्पनिक असून सत्य घटनांवरून स्फुरलेली आहे' असे परस्परविरोधी वाक्य आरंभी घाईघाईने दाखवून मोकळे होण्याऐवजी अखेरीस चार ओळींत काय बदलले ते सांगावे. 'हे पात्र लढाईत मेले नाही, ते हयात आहे' एवढे वाक्य लिहिण्यास किती खर्च आला असता? शंभर कोटींच्या चित्रपटाला इतिहासाचा जाणकार नेमणे अवघड नाही. मात्र तो पटकथा लिहिताना बोलवावा, पोशाख शिवून झाल्यावर नव्हे.

दुसरी गोष्ट साधनांची. चित्रपटकाराला दोष देताना आपण त्याच्या हाती काय देतो हेही पाहावे. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या १९१० पासून चालत आलेल्या संस्था आणि पेशवे दप्तरासारखे प्रचंड संग्रह आपल्याकडे आहेत. पण मोडी वाचणारी माणसे कमी होत चालली आहेत आणि कितीतरी रुमाल अजून सुटलेले नाहीत. स्वतंत्र भारताच्या युद्धांची कागदपत्रे तर दीर्घकाळ कुलूपबंद राहिली. युद्धांचा इतिहास ठरावीक मुदतीत लिहून काढण्याचे आणि कागदपत्रे साधारणतः २५ वर्षांनी खुली करण्याचे धोरण संरक्षण मंत्रालयाने २०२१ साली जाहीर केले, हे स्वागतार्ह आहे. ते कागदावरून प्रत्यक्षात किती उतरते यावर पुष्कळ अवलंबून राहील. जेथे कागद नसतो तेथे कल्पना राज्य करते, आणि त्याबद्दल केवळ कल्पनेला दोष देऊन चालत नाही.

तिसरी गोष्ट शिक्षकांच्या हातची आहे आणि ती सर्वांत स्वस्त आहे. मुले हे चित्रपट पाहणारच. त्यांना तेथून ओढून आणण्यात अर्थ नाही. त्यांनी पाहिलेलेच वर्गात घ्यावे आणि एकच प्रश्न विचारावा: ही लढाई कोणत्या कारणाने जिंकली? मग नकाशा काढावा, नदी कोठे, पूल कोठे, दाणागोटा कोठून येत होता, पाऊस होता काय, हे पाहावे. चित्रपटाचे उत्तर आणि नकाशाचे उत्तर जुळते काय ते मुलांनाच ठरवू द्यावे. इतिहासाची गोडी सनावळ्यांनी लागत नाही. ती अशा विसंगतीने लागते.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. ज्यांनी युद्ध पाहिलेले नाही अशा माणसांचे प्रमाण समाजात आज प्रचंड आहे, आणि लोकशाहीत युद्ध व शांतता यांविषयीचे लोकमत हीच माणसे घडवितात. त्यांच्या मनातील युद्धाची प्रतिमा पडद्याने दिलेली असते. त्या पडद्यावर रसद कधी संपत नाही, तार कधी उशिरा पोचत नाही, शत्रू नेहमी मूर्ख असतो आणि एका वीराच्या गर्जनेने निकाल फिरतो. असे युद्ध फार सोपे आणि काहीसे हवेहवेसे वाटू लागते. खरे युद्ध कसे असते हे पानिपतावर उपाशी उभ्या असलेल्या शिपायाला ठाऊक होते आणि लोंगेवाल्याच्या वाळूत पहाटेची वाट पाहणाऱ्या जवानालाही ठाऊक होते. त्यांच्या शौर्याला आपण अलंकार चढवू नयेत, एवढे त्यांचे आपल्यावर ऋण आहे. ते जसे लढले तसे दाखविले तरी ते पुरेसे मोठे दिसतात.